नागाळा पार्कातलं रेन ट्री, त्यावरची ढोकरी-बगळ्यांची घरटी आणि सोसायटीचा तोडायचा ठराव

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. कोल्हापूरच्या नागाळा पार्कात तुमच्या अपार्टमेंटच्या दारात रेन ट्रीचं जुनं झाड आहे, दोघांच्या कवेत मावत नाही एवढा बुंधा, पाऊस सुरू झाल्यापासून त्यावर ढोकरी आणि गायबगळ्यांची पंचवीस-तीस घरटी झाल्यात, खाली गाड्यांवर शिट पडते, मासे पडून वास सुटतो, आणि परवाच्या मीटिंगमध्ये निम्म्या लोकांनी झाड तोडा नाहीतर निदान शेंडा तरी मारून घ्या असा ठराव मांडला. एक काका म्हणाले फांदी पडून कोण मेलं तर जबाबदार कोण. तुम्हाला झाडही ठेवायचंय आणि पक्षीही, पण चार लोकांत उत्तर काय द्यायचं ते सुचेना.

मी बावीस वर्षं कोल्हापुरात झाडांचंच काम करतोय, बॉटनी शिकलो आणि मग दोरावर चढणारी चार पोरं घेऊन छाटणी, झाडं तपासणं, पडलेली पिल्लं उचलणं हेच करत आलो. त्यामुळं पुस्तकातलं कमी आणि झाडावर बघितलेलं जास्त सांगतो.

पहिली गोष्ट, आत्ता आषाढ चाललाय, दसऱ्यापर्यंत त्या झाडाची घरटी असलेली एकही फांदी कापू देऊ नका. मीटिंगमध्ये बाकी काही नाही जमलं तरी एवढं एक मान्य करून घ्या, कारण माझ्या अनुभवात शहरात झाड पूर्ण तोडल्यामुळं जेवढे पक्षी मरतात त्यापेक्षा जास्त चुकीच्या महिन्यात केलेल्या छाटणीत मरतात, आणि त्याची नोंद कुठंच होत नाही कारण झाड तर उभंच असतं.

महिन्यांचं गणित असं बघा. घार जानेवारीच्या आसपासच घरट्याला लागते. तांबट, तो टुक-टुक-टुक करणारा, फेब्रुवारी-मार्चला वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला गोल भोक पाडून आत घरटं करतो. राखी धनेश मार्च ते जून ढोलीत. कावळे एप्रिलपासून, आणि कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचं अंडं. मग पाऊस पडला की बगळे आणि ढोकऱ्या. म्हणजे मोकळं काय राहतं तर दसऱ्यापासून संक्रांतीच्या अलीकडंपर्यंतचे तीन महिने, तेवढीच छाटणीची खरी वेळ. आणि आपल्याकडं छाटणी कधी होते तर एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधी, वळवात फांद्या पडू नयेत म्हणून, जेव्हा सगळी घरटी भरलेली असतात. हेतू वाईट नसतो, पण तेच काम नोव्हेंबरात केलं तर वळवाला झाड तयार असतंच की, उलट जखमा भरायला सहा महिने जास्त मिळतात.

हे मी मोठ्या शहाणपणानं सांगत नाही, माझ्या हातून झालंय. कामाला लागून तीन वर्षं झाली असतील, मे महिना होता, एका मोठ्या आवारात उंबराची एक जाड फांदी कंपाउंडवर आली होती ती काढायची होती. खालून बघितली, वाळकी वाटली, एक जुनी ढोली दिसली पण तोंड बुजलेलं, मी म्हटलं बंद झालीय, चला. फांदी दोराला बांधून उतरवली आणि जमिनीवर तुकडे करताना आतून आवाज आला. ढोलीचं तोंड बुजलं नव्हतं, लिंपलेलं होतं. धनेशाची मादी आत जाऊन स्वतःच्या विष्ठेनं तोंड लिंपून घेते, ते सुकून सिमेंटसारखं कडक होतं, फक्त उभी बोटभर फट ठेवते आणि त्या फटीतून नर तिला दोन-अडीच महिने भरवतो. आत असताना तिची पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं गळून परत येतात, म्हणजे तेवढे दिवस ती उडूच शकत नाही. आम्ही लिंपण फोडलं तर आत ती मादी, पिसं नसल्यानं अर्धी दिसणारी, आणि खाली दोन उघडी पिल्लं, एकाला कोसळताना मार लागला होता ते संध्याकाळी गेलं. मादी आणि दुसरं पिल्लू वनखात्याकडं दिलं. पण माझ्या डोळ्यासमोर राहिला तो नर. तो चोचीत उंबर घेऊन आला, जिथं फांदी होती त्या रिकाम्या जागेपाशी येऊन पंख मारत थांबला, बसायला काही नाही, मागं फिरून शेजारच्या फांदीवर बसला, परत आला, परत तेच. अंधार पडेपर्यंत. त्या दिवसापासून माझ्या टीमचा नियम आहे, करवत लावायच्या आधी अर्धा तास खाली नुसतं बसायचं आणि झाडाकडं बघायचं, कोण येतंय, कोण कुठं शिरतंय, चोचीत काय आहे. अर्ध्या तासात झाड सगळं सांगतं.

तुमच्या झाडावरच्या बगळ्यांचं वेळापत्रक सोपं आहे. अंडी उबवायला साधारण तीन आठवडे, पिल्लू धड उडायला त्यापुढं महिनाभर, असे एका घरट्याला दोन महिने धरा. पण सगळ्या जोड्या एका दिवशी बसत नाहीत, काही जूनमध्ये बसतात काही जुलैच्या शेवटी, म्हणून सप्टेंबरअखेर वाट बघायची. गच्चीवरून बघितलंत तर कळेल, गायबगळ्यांच्या डोक्या-मानेवर आत्ता भगवट रंग आला असेल, आणि ढोकरी, जी एरवी चिखलाच्या रंगाची असते आणि उडाली की अचानक पांढरीशुभ्र होते, तिची पाठ आत्ता गडद तांबूस दिसेल. हा विणीचा पोशाख, तो उतरून घरट्यावरची ये-जा थांबली की समजा घरं रिकामी होत आली. लोकांना हेही सांगा की हे पक्षी इथंच का आले. एका बाजूला पंचगंगा, दुसरीकडं रंकाळा, भोवती ऊस आणि भाताची रानं, खायला बेडूक, मासे, नाकतोडे, आणि रेन ट्रीसारखं आडव्या फांद्यांचं छत्रीसारखं झाड. झाड मूळचं दक्षिण अमेरिकेकडचं, म्हणून काही पर्यावरणवाले लोकसुद्धा म्हणतात परदेशी आहे, गेलं तर गेलं. मला हे पटत नाही. नवीन लावताना देशीच लावा, शंभर टक्के, पण उभं असलेलं, घरट्यांनी भरलेलं झाड त्याच्या मूळ गावावरून तोडायचं नसतं.

आता कायद्याचं, कारण मीटिंगमध्ये भावनेपेक्षा कागद चालतो. १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, त्यात झाड तुमच्या खासगी जागेत असलं तरी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि तोडणे या शब्दाच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं सगळं येतं. म्हणजे शेंडा मारतो, साल काढतो, बुडात ॲसिड ओततो, हे सगळं त्यातच. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांच्या वरचं झाड हेरिटेज झाड धरलं जातं आणि ते तोडायची परवानगी मिळालीच तर झाडाच्या वयाएवढी नवीन झाडं लावावी लागतात. तुमचं झाड ऐंशी वर्षांचं असेल तर ऐंशी, ती कुठं लावणार हे ठराव मांडणाऱ्यांना शांतपणे विचारा. परवानगीचा अर्ज गेला तर झाडावर नोटीस लागते, पेपरला येते, आणि हरकत घ्यायला मुदत असते ती सात दिवसांचीच, म्हणून नोटीस दिसली की त्याच दिवशी फोटो काढून लेखी हरकत द्या आणि पोचवर शिक्का घ्या.

पक्ष्यांसाठी वेगळा कायदा, १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम. त्यात शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हेही आहे. बहुतेकांना हे माहीत नसतं, त्यांना वाटतं शिकार म्हणजे बंदूक. घरटी असलेली फांदी पाडणं, पक्षी उठवायला सुतळी बॉम्ब लावणं, बांबूनं घरटी ढोसणं, हे त्यात येतं. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२२ साली हायवेच्या रुंदीकरणात पक्ष्यांनी भरलेलं झाड तसंच आडवं केलं, पिल्लं रस्त्यावर पडून मेली, व्हिडिओ देशभर फिरला आणि वनखात्यानं गुन्हा दाखल केला. कोणी ऐन वेळी करवत घेऊन आलंच तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६, तिथं फोन करा, पोलिसांना ११२, आणि भांडत न बसता व्हिडिओ काढा.

पण कायदा दाखवून काकांची भीती जात नाही, आणि ती खोटी पण नाही. मोठं झाड पडतं, माणसं मरतात, मी बघितलंय. म्हणून "पक्षी आहेत म्हणून झाडाला हात लावायचा नाही" एवढंच म्हणू नका, "झाड तपासून घेऊया" म्हणा, आणि तपासणी आत्ताच करा, तिला घरट्यांचा अडथळा नाही.

पावसाची उघडीप बघून बुंध्याजवळ जा. बुडाशी किंवा मुळांवर कानासारखी, फळीसारखी कडक तपकिरी बुरशी उगवलीय का बघा, ती असेल तर आत मुळं कुजायला लागल्यात असं समजायचं, हे सगळ्यात वाईट लक्षण. झाड एका बाजूला कललं असेल तर कलाच्या उलट्या बाजूची जमीन बघा, तिथं माती उचललीय, भेग पडलीय, पेव्हिंग ब्लॉक वर आलेत, असं असेल तर त्याच दिवशी वृक्ष अधिकाऱ्याला कळवा आणि खालची गाड्यांची जागा रिकामी करा, इथं दसऱ्याची वाट बघायची नाही. असा खरा तातडीचा धोका असेल तर पंचनामा करून, वनखात्याला सोबत घेऊन, पिल्लं आधी उतरवून काम करता येतं, ते फार अवघड पण होतं. बाकी मग लाकडी हातोडीनं बुंधा ठोकत फिरायचं, सलग लाकूड ठक्क वाजतं आणि पोकळ भाग ढब्ब, माठ ठोकून बघतो तसं. आता पोकळी म्हटलं की लोक घाबरतात, पण नुसत्या पोकळीनं झाड पडत नाही, पाइप पण पोकळच असतो. बाहेरची सलग निरोगी भिंत बुंध्याच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाड असली तर झाड पुष्कळ वर्षं उभं राहतं, आणि त्याच पोकळीत पिंगळा, राघू, मैना यांचे संसार असतात.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला एक गोष्ट दिसली ती पक्ष्यांपेक्षा जास्त काळजीची आहे. बुंध्याला चिकटून पेव्हिंग ब्लॉक बसवलेत, मधे चार बोटं पण माती नाही. मुळांना पाण्याएवढीच हवा लागते, वरून ब्लॉक आणि खाली कच-सिमेंट दाबलं की मुळं गुदमरतात, बारीक मुळं मरतात, आणि मग जाड मुळांची पकड सुटते. त्यात तुमच्या भागाच्या आसपास २०१९ ला आणि २०२१ ला पुराचं पाणी आलेलं, दिवसेंदिवस पाण्यात बुडालेल्या मुळांवर परत काँक्रीट, म्हणजे झाड धोकादायक आपणच करतोय आणि मग धोकादायक आहे म्हणून तोडतोय. हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. एक मीटर हे कमीत कमी, एवढ्या झाडाला दोन मीटर मोकळं करा. ब्लॉक हातानं, पहारीनं अलगद काढायचे, जेसीबी अजिबात आणायचा नाही, त्याचं बकेट एका फटक्यात मुळं उपटतं. ड्रेनेज किंवा गॅसलाइनचा चर खणायचा झाला तरी फांद्यांच्या घेराच्या बाहेरून न्यायला सांगा, मनगटाएवढं मूळ तोडलं की वळवाच्या वाऱ्यात झाड त्याच बाजूनं उलटतं. बुंध्यावरचे खिळे, बोर्डाच्या तारा, गणपतीत गुंडाळलेल्या आणि वर्षभर तशाच राहिलेल्या लायटिंगच्या वायरी, सगळं काढा.

आता घाणीचं, कारण खरं भांडण तिथंच आहे. गाडी रोज पांढरी होत असेल तर माणूस चिडणारच, त्याला पक्षीप्रेम शिकवू नका, उपाय द्या. तीन महिन्यांसाठी पार्किंगवर ग्रीन शेडनेट किंवा ताडपत्री उतरती बांधा, लोखंडी खांब उभे करून, झाडाला खिळा मारून नाही. झाडाखालच्या मोकळ्या मातीवर उसाचं पाचट तीन-चार बोटं जाड पसरा, आपल्याकडं पाचटाला काय तोटा, कुठल्याही शेतकऱ्याकडं मागितलं तर भरून देईल. पाचट शिट आणि पडलेले मासे धरून ठेवतं, वास निम्म्यावर येतो, दर आठवड्याला वरचा थर ओढून एका कोपऱ्यात ढीग करा, दिवाळीपर्यंत कुंड्यांना पुरून उरेल एवढं खत होतं. फरशीवरची शिट वाळली की झाडू मारायचा नाही, आधी पाणी टाकून भिजवायची मग धुवायची, तोंडाला मास्क लावून. बुडात फिनेल, ब्लिचिंग पावडर ओतू नका, मुळं जळतात. दोन घरांनी मिळून पैसे घातले तर हा सगळा खर्च झाड तोडणाऱ्या ठेकेदाराच्या बिलापेक्षा कितीतरी कमी येतो, हा हिशेब मीटिंगमध्ये आकड्यांनिशी मांडा, तुमचा शेजारी पक्ष्यांच्या गोष्टी ऐकणार नाही पण हिशेब ऐकेल.

पिल्लं पडणार, वारा आला की जास्त पडणार. कावळा-मैनेचं पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू असेल तर ते उडायला शिकतंय, आई-बाप जवळच असतात, मांजर-कुत्र्यापासून वाचवून जवळच्या फांदीवर ठेवायचं आणि लांब व्हायचं. माणसाचा हात लागला की आई घेत नाही हे खोटं आहे. बगळ्या-ढोकरीच्या पिल्लाचं मात्र सांभाळून, त्याची चोच सुरीसारखी असते आणि ते थेट डोळ्यावर मारतं, त्यामुळं चष्मा लावायचा, वरून टॉवेल टाकायचा, मान धरून मग उचलायचं. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनखात्याला कळवा. दूध, पाव, भात काही घालायचं नाही, चोच उघडून पाणी तर मुळीच ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं आणि पिल्लू तुमच्या हातात मरतं, वाचवायला गेलेल्या किती लोकांच्या हातून हे झालेलं मी बघितलंय, रडत फोन करतात बिचारे. कधी एकदम बरेच पक्षी मरून पडले तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला सांगायचं.

दसरा झाला की मग छाटणी, आणि "शेंडा मारून द्या" असं कुणालाही सांगू नका. शेंडा मारला की झाड घाबरल्यासारखं शेकडो धुमारे फोडतं, ते वरवरच्या सालीत चिकटलेले असतात, तीन-चार वर्षांत जाड होतात आणि तेच वळवात फाटून खाली येतात, तोवर कापलेल्या तोंडातून पाणी मुरून आत कुज सुरू झालेली असते. रेन ट्रीच्या आडव्या लांब फांद्यांचं ओझं टोकाला असतं, तेव्हा टोकाकडूनच थोडं थोडं हलकं करायचं, सगळ्या बाजूंनी समतोल, एका सीझनला एकूण पाल्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमीच. वायरीसाठी एकाच बाजूनं कापून झाड लंगडं करायचं नाही. जाड फांदी असेल तर आधी खालून थोडी करवत, मग जरा पुढं वरून, म्हणजे साल खोडापर्यंत फाटत जात नाही, आणि उरलेला खुंट शेवटी काढायचा तो खोडाजवळचं फुगीर कडं शाबूत ठेवून, त्या कड्यातूनच झाड जखम भरतं. डांबर फासायचं नाही. ज्या वाळक्या फांदीखाली ना रस्ता ना गाडी, ती दोन-तीन फुटांचा खुंट ठेवून सोडा, तांबटाला तीच लागते, हिरव्या फांदीत त्याला घर करता येत नाही. आणि पोरं वर चढलीच आहेत तर अडकलेला मांजा तेवढा गोळा करायला सांगा, नायलॉन मांज्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे तरी प्रत्येक झाडावर सापडतो.

उद्या सकाळी एवढं करा, सात-साडेसातला गच्चीवर जाऊन घरट्यांचे फोटो काढा, ज्यात झाड, इमारत आणि तारीख दिसेल, एकूण घरटी मोजून वहीत लिहा. वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्या, मथळा "झाडाची तपासणी करून अहवाल मिळणेबाबत" असाच टाका, त्यात घरट्यांचा आकडा आणि ब्लॉक काढायची परवानगी पण मागा, म्हणजे उद्या कुणी गुपचूप काही केलं तर आधीची नोंद राहील, आणि काकांनाही कळेल की जबाबदारी कुणीतरी घेतलीय. त्यांना तपासणीच्या दिवशी मुद्दाम बोलवा, हातोडी त्यांच्याच हातात द्या. बुंध्याच्या चारी बाजूंचे, अगदी जमिनीलगतचे फोटो मला पाठवा, बुरशी आहे का ते बघून लगेच सांगतो. आणि ब्लॉक काढायला घ्याल तेव्हा पहिल्या दिवशी मी येतो, मुळं कुठं वर आलीत ते माती उकरून बघितल्याशिवाय पहार कुठं घालायची ते सांगता येत नाही.